शंभर चिंचोके आणि एक महायुद्ध

हे प्रकरण अकरावी कला शाखेच्या वर्गातलं. कॉलेज पुण्याच्या पेठांमधलं, जुनं. पटावर छत्तीस मुलं, हजर बहुतेक तीसच्या आसपास. फेब्रुवारीत अभ्यासक्रम उरकला होता, परीक्षा लांब होती आणि तासाला काहीतरी करायचं होतं. इतिहास शिकवणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून जसं घडलं तसं, माझ्या चुकांसकट, लिहून ठेवते आहे.

सुरुवात भांडणाने झाली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, दुसरं महायुद्ध अमेरिकेने जिंकलं, त्यात काय शिकायचंय. त्याच्या शेजारच्याने, जो मोबाईलवर रणगाड्यांचे खेळ खेळून खेळून इतिहासाकडे वळलेला आहे, त्याला तिथेच झापला: "अमेरिका म्हणजे लग्नात जेवणं उरकल्यावर येऊन स्टेजवर फोटो काढणारा काका. लढला रशिया." वर्गाचे दोन तट पडले. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. वीस वर्षांत असं मोजून तीनदा झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मी घरून चिंचोक्यांचा डबा नेला. सासूबाई वर्षाची चिंच फोडून चिंचोके साठवतात, कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही. सहा-सहा मुलांचे सहा गट केले. प्रत्येक गटाला शंभर चिंचोके आणि चहाचे पाच कागदी कप दिले. कपांवर लिहिलं: अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, चीन, इतर. प्रश्न एकच. जर्मनी आणि जपानला हरवण्यात कोणाचा किती वाटा, तेवढे चिंचोके त्या कपात. वेळ वीस मिनिटं.

पहिल्या फेरीत पाच गटांनी निम्म्याहून जास्त चिंचोके अमेरिकेला दिले. कारणं विचारली तर पर्ल हार्बर, नॉर्मंडी, अणुबॉम्ब. सहावा गट अर्थातच त्या रणगाडेवाल्याचा, त्यांच्या सोव्हिएत कपातून चिंचोके खाली सांडत होते. चीनला एका गटाने दोन दिले होते, बाकीच्यांनी एकही नाही. "चीन होता का युद्धात?" हा प्रश्न मला दोन गटांनी विचारला.

मग मी फळ्यावर फ्रान्समधले आकडे लिहिले. मे १९४५ मध्ये, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, इफॉप या संस्थेने फ्रेंच लोकांना हाच प्रश्न विचारला होता: जर्मनीच्या पराभवात सर्वांत मोठा वाटा कोणाचा? ५७ टक्के म्हणाले सोव्हिएत संघ, २० टक्के अमेरिका, १२ टक्के ब्रिटन. २००४ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा ५८ टक्के अमेरिका आणि २० टक्के सोव्हिएत संघ. पारडं जवळजवळ जसंच्या तसं उलटलं होतं. युद्ध तर तेच, १९४५ नंतर त्यात एक गोळीही वाढलेली नाही. वर्ग जरा शांत झाला. कोणीतरी म्हणालं, "मधल्या काळात पिक्चर आले ना, मॅडम." अगदी तेवढंच कारण नाही, शीतयुद्ध आहे, फ्रान्सचं राजकारण आहे, पण उत्तर चुकीचंही नाही.

दुसऱ्या फेरीसाठी मी चिठ्ठ्या तयार केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच मोजमाप. चिठ्ठी वाचायची आणि चिंचोके हलवायचे.

पहिली चिठ्ठी माणसांची. सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख मेले, त्यात सैनिक साधारण ८७ लाख. चीनचे दीड ते दोन कोटी. ब्रिटनचे, बॉम्बहल्ल्यांत मेलेले नागरिक धरून, साडेचार लाख. अमेरिकेचे चार लाखांच्या थोडे वर. खाली आणखी एक ओळ होती: जर्मन सैन्याची जी माणसं मेली त्यांतली ढोबळमानाने तीन-चतुर्थांश पूर्व आघाडीवर, म्हणजे सोव्हिएत सैन्यासमोर किंवा त्यांच्या कैदेत. चिंचोक्यांचा आवाज झाला. अमेरिकेचे कप रिकामे होऊन सोव्हिएत कप भरले. रणगाडेवाल्याने बाकावर मूठ आपटून विजय साजरा केला.

पण पुढच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, जास्त माणसं मेली म्हणजे जास्त काम केलं असं कसं? वाईट लढलं तरी माणसं मरतात की."

इथे मी ठरवलेला तास मोडला आणि बरं झालं. कारण प्रश्न अचूक होता. १९३७-३८ मध्ये स्टालिनने स्वतःच्याच सैन्यातले हजारो अधिकारी तुरुंगात घातले किंवा मारले. २२ जून १९४१ला जर्मन सैन्य घुसलं तेव्हा त्याला इशारे मिळालेले होते आणि त्याने ते मानले नव्हते. त्या सप्टेंबरात कीव्हजवळच्या वेढ्यात सहा लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक पकडले गेल्याचं जर्मन बाजूने सांगितलं. एकूण युद्धात पकडल्या गेलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास जर्मन छावण्यांत उपासमारीने, थंडीने, गोळ्या घालून मेले. लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा होता, तिथे माणसं भुकेने मेली. म्हणजे त्या २ कोटी ७० लाखांत शौर्य आहे, स्टालिनच्या चुका आहेत, आणि सगळ्यात जास्त जर्मन क्रौर्य आहे. एवढं सगळं एका कपात ओतून त्याला 'योगदान' म्हणायचं? मात्र ती तीन-चतुर्थांशची ओळ या आक्षेपाने हलत नाही. शत्रूचं सैन्य कुठे मोडलं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर स्वच्छ आहे. हा फरक मुलांना लगेच कळला. मी तो चिठ्ठी लिहितानाच करायला हवा होता.

दुसरी चिठ्ठी मालाची. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेने लेंड-लीजचा, म्हणजे मित्रदेशांना युद्धाचा माल उसना-भाड्याने देण्याचा, कायदा केला आणि मित्रदेशांना मिळून सुमारे ५,००० कोटी डॉलरचा माल दिला. त्यातला मोठा वाटा ब्रिटनला गेला, सुमारे १,१०० कोटींचा सोव्हिएत संघाला. सोव्हिएतांना मिळालेल्या मालात चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीपगाड्या, जवळजवळ १,९०० रेल्वे इंजिनं, विमानांचं उंची पेट्रोल, लाखो टन अन्न, दीड कोटी जोड बूट. युद्धकाळात अमेरिकेने सुमारे तीन लाख विमानं बनवली. शिक्षकखोलीत आमच्या भूगोलाच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तेल विसरलीस. जगातल्या निम्म्याहून जास्त तेल तेव्हा एकट्या अमेरिकेत निघत होतं." तेही चिठ्ठीवर घातलं.

चिंचोके परत अमेरिकेकडे निघाले. तेव्हा रणगाडेवाल्याने, त्याचं श्रेय त्याला, तारखा काढल्या. मॉस्कोसमोर जर्मन अडले डिसेंबर १९४१ मध्ये. स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण आलं २ फेब्रुवारी १९४३ला. आणि लेंड-लीजचा बराचसा माल पोचला तो १९४३ पासून पुढे. तगले ते स्वतःच्या बळावर, १९४१ मध्ये दीड हजारांवर कारखाने उचलून पूर्वेला नेऊन. ट्रकांचा उपयोग झाला तो नंतर, बर्लिनकडे धावताना. जून १९४४च्या बाग्रातिओन या सोव्हिएत मोहिमेत जर्मनीचा मधला सैन्यगट काही आठवड्यांत मोडला. पायी चालणाऱ्या सैन्याला एवढी मजल मारता आली नसती.

"मग दोघांनी अर्धं-अर्धं," कोणीतरी वैतागून म्हणालं.

या टप्प्यावर ज्या मुलाने प्रकरण सोडवलं, किंवा बिघडवलं, त्याच्या वडिलांचा कोथरूडला केटरिंगचा धंदा आहे. तो म्हणाला, "मॅडम, पाचशे पानांचं लग्न असलं की आचारी लागतो, गॅस लागतो, वाढपी लागतात, टेम्पो लागतो. गॅस संपला तर आचारी कितीही भारी असू दे, जेवण शून्य. जेवणात गॅसचा वाटा किती टक्के, असं बाबांना विचारलं तर ते हाकलून देतील."

मी विचारलं, पण बाबा आचाऱ्याला जास्त पैसे देतात आणि वाढप्याला कमी, ते कसं ठरवतात?

"ते बिल झालं. आचारी मिळायला अवघड म्हणून महाग. वाटा वेगळा."

वाटा या शब्दाचा सगळा घोळ त्याने दोन वाक्यांत मांडला. शंभर चिंचोके वाटायला देताना मी नकळत असं धरून चालले होते की विजय ही बेरीज आहे: कोणाचे चाळीस, कोणाचे तीस, मिळून शंभर. पण एक काढला तर बाकीच्यांचीही किंमत उतरते, असा हा हिशोब आहे. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर ब्रिटनने तह केला असता तर १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरायला अमेरिकेला बंदर कुठलं? जर्मनीच्या रेल्वेवर, कारखान्यांवर, तेलावर ब्रिटिश-अमेरिकन विमानं बॉम्ब टाकत नसती तर घरच्या आकाशाची राखण करणाऱ्या तोफा आणि लढाऊ विमानं पूर्वेला गेली असती. आणि जुलै १९३७ पासून चीन लढत राहिला नसता तर तिथे अडकलेलं जपानचं लाखोंचं सैन्य कुठे वळलं असतं, याचा विचार भारतात राहणाऱ्याने तरी करावा. चीनला शून्य देणाऱ्या गटांना मी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून दिली. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले. नाव सगळ्यांना माहीत होतं. कोणत्या युद्धात गेले ते कोणालाच नाही.

एका मुलीने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एक वाक्य आणलं: वेळ ब्रिटनने दिला, पैसा अमेरिकेने, रक्त रशियाने. स्टालिनच्या नावावर खपतं ते. घाटदार वाक्य आहे. फक्त त्यात चीन नाही, पोलंड नाही आणि आपण नाही.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक उघडी पडली: 'इतर' नावाचा कप.

त्या कपात मी पोलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युगोस्लाव्हिया, फ्रान्स सगळे कोंबले होते. पोलिश गणितज्ञांनी १९३२ मध्येच एनिग्मा या जर्मन यंत्राचे गुप्त संकेत फोडले होते आणि जुलै १९३९ मध्ये ते ज्ञान ब्रिटन-फ्रान्सच्या हवाली केलं. पुढे ब्लेचली पार्कला, ब्रिटनच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात, जे झालं त्याचा पाया तिथे आहे. मग ते चिंचोके ब्रिटनच्या कपात का? वळिवड्याला, कोल्हापूरजवळ, १९४३ पासून काही वर्षं हजारो पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती माणसं आधी सोव्हिएतांनी सैबेरियात नेलेली, कारण १७ सप्टेंबर १९३९ला पोलंडवर पूर्वेकडून चाल करणारा देश सोव्हिएत संघच होता. पूर्वेचा विजेता जून १९४१ च्या आधी जवळजवळ दोन वर्षं हिटलरशी करार करून बसला होता. हे कुठल्या कपातून वजा करायचं, याला चिंचोक्यांत सोयच नाही.

पण खरी ठिणगी खडकीच्या मुलाने टाकली. "मॅडम, भारत 'इतर'मध्ये की ब्रिटनमध्ये?"

मी म्हटलं, तुम्हीच ठरवा, पण आधी शनिवारी खडकीला जाऊ.

मुळा रोडवरच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक जणांची थडगी आहेत. सकाळी आठला पीएमटीने गेलो. आत गेल्यावर मुलांचे आवाज आपोआप खाली आले. सारख्या मापाचे दगड, रांगा ताणलेल्या दोरीसारख्या सरळ, गवत कापलेलं. एका मुलीने वहीत फक्त वयं उतरवून घेतली, नावं नाही. तिची नजर वयांवरच जात होती. थोड्या वेळाने एकाने विचारलं की आपल्या लोकांची नावं एवढी कमी कशी. हिंदू जवानांचं दहन व्हायचं, म्हणून त्यांना थडगी नाहीत. नावं कुठल्या तरी स्मारकाच्या भिंतीवर किंवा नोंदवहीत. दगड मोजून योगदान ठरवणाऱ्याला ते दिसणारच नाहीत.

सोमवारी एका गटाने डब्याचं झाकण काढून त्यावर 'भारत' लिहिलं आणि ब्रिटनच्या कपातून चिंचोके काढायला सुरुवात केली. २५ लाख माणसं, सक्तीच्या भरतीशिवाय. अविभाजित भारताच्या सैन्यातले सुमारे ८७ हजार मृत. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर मराठा पलटणी. १० जुलै १९४४ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, पथकातली बाकी माणसं पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. १९४४ ची जपान्यांविरुद्धची इम्फाळ-कोहिमाची लढाई. ऑगस्ट १९४१ मध्ये इराणमध्ये उतरलेल्या फौजेत भारतीय डिव्हिजन होत्या, आणि त्याच इराणमधून अमेरिकन ट्रक सोव्हिएत संघाला जात राहिले. ट्रक अमेरिकेचा, पहारा भारतीयाचा, हुकूम ब्रिटिशाचा, मोर्चा सोव्हिएतांचा. पावती कोणाच्या नावाने फाडायची?

झाकण भरत आलं तसा दुसऱ्या गटातून आवाज आला: "पण आपण मित्रराष्ट्र होतो का? आपल्याला विचारलं कोणी?"

विचारलं नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं आणि काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही १ जानेवारी १९४२च्या संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे तेव्हाच्या मित्रराष्ट्रांच्या, जाहीरनाम्यावर सव्वीस देशांत भारताचीही सही आहे, वॉशिंग्टनमधले भारताचे प्रतिनिधी गिरिजाशंकर बाजपेयींची. म्हणजे स्वतंत्र राष्ट्र होण्याआधी पाच वर्षं भारत कागदावर मित्रराष्ट्र होता. त्याच वर्षी ऑगस्टपासून गांधीजी येरवड्याजवळ आगाखान पॅलेसमध्ये कैदेत. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले, कस्तुरबाही. खडकीत दारूगोळा बनत होता, आणि २४ जानेवारी १९४३ला कॅम्पातल्या कॅपिटॉल सिनेमात क्रांतिकारकांनी इंग्रज सैनिकांवर बॉम्ब फोडला. स्टालिनग्राडच्या शरणागतीला तेव्हा नऊ दिवस बाकी होते. "मग पुणं कुठल्या बाजूला होतं?" असं एकाने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, आणि ते काही मोठं शहाणपण म्हणून नव्हे. सुचलंच नाही.

शेवटी ती पुढच्या बाकावरची मुलगी पुन्हा बोलली. तिने विचारलं, १९४३च्या बंगालच्या दुष्काळातली माणसं कुठल्या कपात?

२० ते ३० लाख माणसं. दुष्काळाला युद्धाचे धागे सरळ जोडलेले आहेत: ब्रह्मदेश पडल्यावर तिथला तांदूळ बंद, जपानी येतील या भीतीने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतलेल्या, युद्धखर्चाने भडकलेली महागाई. लेनिनग्राडला भुकेने मेलेले सोव्हिएत संघाच्या २ कोटी ७० लाखांत मोजले जातात. चीन सरकारने जपान्यांना अडवायला १९३८ मध्ये पीत नदीचा बांध फोडला, त्यात बुडालेले चीनच्या आकड्यात धरतात. बंगालचे मृत ब्रिटनच्या साडेचार लाखांत नाहीत, सैन्याच्या ८७ हजारांत तर नाहीतच. त्यांना खातंच नाही. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. ते मात्र पै-पैशासकट वहीत होतं.

वर्गात कोणीच चिंचोके हलवले नाहीत. घंटा झाली.

त्या आठवड्यात एका पालकांचा फोन आला. मुलगी घरी दुष्काळाचं बोलते, ते ठीक, पण परीक्षेत नेमकं काय लिहायचं? मी सांगितलं, पाठ्यपुस्तकात आहे ते लिहायचं, त्याचे पूर्ण गुण मिळतील. त्यांचं समाधान झालं. माझं अर्धवट.

पुढच्या वर्षी हा प्रयोग परत करणार आहे, पण 'इतर'चा कप नसेल, कोरे कप देईन, नावं मुलांनी लिहायची. शंभराची अटही काढणार. आणि मेलेल्यांची चिठ्ठी दोन भागांत: शत्रूचं काय मोडलं ती एक, आपलं काय गेलं ती दुसरी.

अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक गटाने एक पान लिहून दिलं. पाच गटांनी अखेरची वाटणी आणि कारणं दिली, चारांत सोव्हिएत संघ पुढे होता, एकात अमेरिका. सहाव्या गटाने वाटणी दिलीच नाही. त्यांनी तक्ता काढला: आडवे देश, उभी मोजमापं, आणि ज्या घरात आकडा टाकता येईना तिथे का येत नाही ते एका ओळीत. बंगालसाठी वेगळा रकाना केला होता. या गटाला दहापैकी आठ दिले. एक गुण कापला तो दुष्काळातले मृत सरळ ३० लाख लिहिले म्हणून, मी २० ते ३० सांगितलं होतं. दुसरा नामदेव जाधवांची तारीख चुकली म्हणून. रणगाडेवाला त्याच गटात बसायला गेला होता. तो गुणांवर हुज्जत घालायला आला आणि तारखेचा अर्धा गुण परत घेऊन गेला.